त्रास देणारा विचार आणि तथागतांचे पाच उपाय



दीक्षा घेतल्यावर आपण घरातील देव्हारा काढला, मुलांच्या गळ्यातील ताईत सोडले, भगताची पायरी चढणे बंद केले. हे योग्यच झाले. परंतु एक प्रश्न उरतो. पूर्वी मन घाबरले की आपण अंगारा आणायला धावत होतो. आता मन घाबरले तर काय करावे? हात रिकामे राहिले तर माणूस पुन्हा जुन्याच दाराशी जातो. म्हणून जुने टाकताना नवे काय धरावे, हे प्रत्येक बौद्ध कुटुंबाला ठाऊक असले पाहिजे.

बुद्धाच्या शिकवणीत मनाला केंद्रस्थान आहे, हे परमपूज्य बाबासाहेबांनी आपल्या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात स्पष्ट केले आहे. मन सांभाळणे हा धम्माचा गाभाच होय.

मज्झिम निकायातील विसावे सुत्त आहे ‘वितक्कसंठान सुत्त’. वितक्क म्हणजे विचार. मनात वारंवार येणारा अकुशल विचार कसा शांत करावा, याचे पाच उपाय तथागतांनी त्यात क्रमाने सांगितले आहेत. उपदेश भिक्खूंना केलेला आहे. पण चूल आणि मुले सांभाळणाऱ्या गृहस्थालाही तो तितकाच उपयोगी आहे.

आपण एक उदाहरण घेऊ. समजा, एका घरातून देव्हारा निघाला आणि महिन्याच्या आत मुलाला ताप आला. मुलाला दवाखान्यात नेले, औषध सुरू झाले. पण रात्री आईच्या मनात विचार येतो, ‘आपण देव सोडले म्हणून तर हे झाले नसेल?’ शेजारीण तेच बोलते, भावकी तेच बोलते. झोप उडते. आता हे पाच उपाय पाहू.

१. कुशल विचार आणणे. कुशल सुतार बारीक खुंटी ठोकून जाड खुंटी बाहेर काढतो, असा दृष्टांत तथागतांनी दिला आहे. भीतीच्या जागी नेमका, उपयोगी विचार ठेवावा. ‘औषधाची पुढची वेळ कोणती? सकाळी डॉक्टरांना काय विचारायचे?’ आणि मुलाविषयी मैत्रीची भावना करावी. रिकाम्या मनात भीती लगेच परतते. कामाचा विचार तिला जागा देत नाही.

२. विचाराचा तोटा पाहणे. नटण्याची आवड असलेल्या तरुणाच्या गळ्यात कोणी मेलेला साप अडकवला, तर त्याला जशी किळस येईल, तशी त्या विचाराची किळस यावी. स्वतःला विचारावे, ‘या विचाराने मला काय दिले?’ झोप गेली, घरात भांडण झाले, भगताला पैसे देण्याची पाळी आली. मुलाचा ताप मात्र त्याने एक अंशही उतरला नाही.

३. लक्ष न देणे. जे पाहायचे नाही त्यावरून माणूस नजर वळवतो, तसे करावे. उठावे, धान्य निवडावे, मुलाच्या वहीला कव्हर घालावे, अंगणात चार फेऱ्या माराव्यात. विचार आला तर येऊ द्यावा. त्याच्याशी बोलत बसू नये.

४. विचाराचे मूळ शोधणे. भराभर चालणारा माणूस स्वतःला विचारतो, ‘मी एवढ्या घाईने का चाललो आहे?’ मग तो हळू चालतो, उभा राहतो, बसतो, शेवटी आडवा होतो. तसाच विचारही पायरीपायरीने उतरवता येतो. येथे वही फार उपयोगी पडते. पानावर तीन रकाने आखावेत: काय घडले, मनात काय आले, पुरावा काय. घडले ते एवढेच, की मुलाला ताप आला. मनात आले, देव कोपला. पुरावा? याच पावसाळ्यात आळीतील आणखी किती मुले तापाने निजली आहेत? त्यांच्या घरी देव्हारे नाहीत काय? लिहिता येत नसेल, तर घरातील शाळकरी मुलीला सांगावे. ती लिहील, आणि शिकेलही. अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञ आरॉन बेक यांनी १९६० च्या दशकात जी उपचारपद्धती उभी केली, तिच्यातही विचार पकडून त्याचा पुरावा तपासणे हेच मुख्य काम आहे.

५. निग्रहाने दाबणे. बलवान माणूस दुबळ्याला धरून ठेवतो, तसे दात आवळून मनाने मनाला आवरावे. पण हा उपाय तथागतांनी सर्वांत शेवटी ठेवला आहे, हे नीट ध्यानात घ्या.

आपण नेमके उलट करतो. कोणी चिंतेत असला की आपला पहिलाच सल्ला असतो, ‘विचार करू नकोस.’ १९८७ साली डॅनियल वेग्नर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितले, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका. विचार आला की घंटी वाजवा. घंटी वाजतच राहिली. नुसता दाबलेला विचार पुन्हा वर येतो. म्हणून आधीचे चार उपाय करावेत. दाबणे हा अगदी नाइलाजाचा मार्ग समजावा.

दोन गोष्टी येथे स्पष्ट केल्या पाहिजेत.

पहिली अन्यायाविषयी. हे उपाय अन्याय गिळण्यासाठी नाहीत. कॉलेजात आपल्या मुलीला जातीवरून कोणी टोमणा मारला, तर दोष तिच्या मनाचा नाही. त्याविरुद्ध तक्रार करावी, संघटितपणे उभे राहावे. मात्र ‘मीच कमी आहे’ हा विचार त्या अपमानातून तिच्या मनात रुजत असेल, तर तो वरील उपायांनी उपटून काढावा. बाहेर लढण्यासाठी आतून ताठ असावे लागते.

दुसरी आजाराविषयी. दोन आठवडे झोप नाही, भूक नाही, कामात मन नाही, किंवा जगूच नये असे वाटते, कोणी नसताना आवाज ऐकू येतात, अशा वेळी वहीवर थांबू नये. हा आजार आहे. त्याला औषध आहे. पोटदुखीसाठी डॉक्टरकडे जाताना लाज वाटत नाही, तर येथे का वाटावी? २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने सरकारी व्यवस्थेकडून मानसिक आरोग्याचे उपचार मिळण्याचा हक्क प्रत्येकाला दिला आहे. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झालेल्या ‘टेली मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य सल्ला मिळतो. हा क्रमांक घरातील भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. जगूच नये असे म्हणणाऱ्याला मात्र क्षणभरही एकटे सोडू नका. सोबत राहा आणि लगेच दवाखान्यात न्या.

या पंधरवड्यासाठी अभ्यास: संध्याकाळच्या वंदनेनंतर पाच मिनिटे सर्वांनी एकत्र बसावे. दिवसभरात त्रास देणारा एक विचार प्रत्येकाने सांगावा. कोणीही हसू नये, कोणीही रागावू नये. त्या विचाराला पाचांपैकी कोणता उपाय लागू पडेल, हे मिळून ठरवावे आणि वहीत लिहावे. लहान मुलांनाही बोलू द्यावे. त्यांच्या मनातली भीती आपल्याला बहुधा ठाऊकच नसते. पंधरा दिवसांनी वही उघडून पाहावी, कोणता उपाय कोणाला साधला. साधला नसेल, तर पुढचा उपाय करून पाहावा.

जयभीम!