आईचा धाक आणि आईची माया

कडक आई आणि मुलगी यांचे भांडण घरोघरी असते. आपल्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलभागात ज्या आईने मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता तोडला, पावसात चिखलात उभे राहून रोवणी केली, तिला लाडाने बोलायला सवड कोठून मिळणार? मग तिला माया नव्हती काय? या प्रश्नाचा थोडा विचार करू.

उर्मिला पवार यांचे 'आयदान' हे आत्मकथन २००३ साली प्रसिद्ध झाले. आयदान म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे वगैरे वस्तू. लेखिका तिसरीत असताना तिचे शिक्षक असलेले वडील वारले. रत्नागिरीकडे राहणाऱ्या तिच्या आईने आयदाने विणून संसार चालविला. ती लहान मुलीला आयदाने घेऊन गिऱ्हाइकांच्या दारी पाठवी. तेथे शिवाशिव पाळत, मुलीच्या हातात पैसे वरून टाकीत. मुलीला ते नकोसे होई, पण काम चुकत नसे. हीच आई, शाळेतील गुरुजींनी शेण काढण्यावरून मुलीला मारले तेव्हा, त्या गुरुजींना जाब विचारते. मी विधवा बाई येथे राबते ती या पोरीने शिकावे म्हणून, असा तिच्या बोलण्याचा आशय आहे. घरातला धाक आणि बाहेरची ढाल एकाच बाईची होती.

माझा अनुभवही असाच आहे. दहावीच्या वर्षी गावात शंकरपटानिमित्त नाटक होते. सगळ्या मैत्रिणी निघाल्या. माय दारात उभी राहिली. म्हणाली, "नाटक दरसाल येते, दहावी येत नाई." मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. मायला नाटकाचे भारी वेड होते. त्या वर्षी तीही एकाही नाटकाला गेली नाही. हे माझ्या ध्यानात आले ते मला स्वतःला मुलगी झाल्यावर.

आज माझी मुलगी बारावीत आहे. मागच्या महिन्यात मी तिच्या हातातला मोबाईल काढून घेतला. ती रडून म्हणाली, "आई, तू फक्त नको म्हणतेस. का नको, ते कधी सांगत नाहीस." मला उत्तर सुचले नाही. मायनेही मला कधी सांगितले नव्हते.

सिगालोवाद सुत्तात आईवडिलांची पाच कर्तव्ये आहेत. वाईटापासून आवरणे, चांगल्यात रुजविणे, हुन्नर शिकविणे, योग्य जोडीदार पाहून देणे आणि योग्य वेळी वारसा हवाली करणे. या पाचांना तेथे अनुकंपाच म्हटले आहे. म्हणजे आवरणे हीसुद्धा मायाच. पण क्रम पाहावा. सुरुवात आवरण्याने होते आणि शेवट हवाली करण्याने. पुष्कळ आया पहिल्याच पायरीवर थांबतात. मीही थांबले होते.

म्हणून मातांना विनंती की, नको म्हणताना कारण सांगावे आणि वय वाढेल तसा हात सैल करावा. मुलींनीही आई काय बोलली एवढेच न पाहता, तिने आपल्यासाठी काय सोडले ते पाहावे.

त्या रात्री मी मुलीला नाटकाची गोष्ट सांगितली. तिने विचारले, "आजीला हे कधी बोललीस?" माय आता थकली आहे, ऐकूही कमी येते. येत्या रविवारी गावी जाऊन तिच्या कानाशी बसून सांगणार आहे.