मालमोटारीच्या इंजिनाचा श्वास आणि हिवाळा

पेण आणि रोहा या आपल्या दोन तालुक्यांतून अहोरात्र मालमोटारी जात असतात. कोणी धाटावच्या कारखान्यांतील माल भरून निघतो, कोणी पेणच्या गणेशमूर्ति घेऊन दूरच्या बाजारपेठा गांठतो. कोंकण रेल्वेनें १९९९ सालीं भरलेल्या मालमोटारी सपाट वाघिणींवर चढवून गोव्यांतील वेर्णा येथें नेण्यास आरंभ केला, तोही रोहा तालुक्यांतील कोलाड स्थानकावरूनच. आपल्यापैकीं पुष्कळांच्या घरची चूल या गाड्यांवर पेटते. म्हणून जुन्या डीझेल गाडीच्या एका दुर्लक्षित अवयवाचा विचार आज आपण करूं. हा अवयव म्हणजे इंजिनाच्या बाजूस लोंबणारी एक साधी नळी. मिस्त्री तिला ब्रीदर म्हणतात. इंजिनाच्या श्वासाची ती वाट होय.

ही नळी कशास हवी? रुडॉल्फ डीझेल यांचें इंजिन १८९७ सालीं जर्मनींतील आउग्सबुर्ग येथें यशस्वी ठरलें. त्याचें तत्त्व असें : सिलिंडरांतील हवा दट्ट्यानें इतकी दाबावयाची कीं ती ५०० अंश सेंटिग्रेडहून अधिक तापते; मग तींत तेलाचा फवारा सोडला म्हणजे तो ठिणगीवांचून पेट घेतो. दट्ट्याभोंवतीं रिंगा असतात, तरी त्यांच्या फटींतून थोडा वायु खालीं निसटतोच. रिंगा व लायनर झिजले म्हणजे तो फार निसटतो. मिस्त्रीलोक यासच ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात. खालच्या चेंबरमध्यें सांठणाऱ्या या वायूंत काजळी, ऑइलचे सूक्ष्म कण आणि पाण्याची वाफ असते. एक लिटर डीझेल जळलें म्हणजे सुमारें एक लिटर पाणी वाफरूपानें उत्पन्न होतें ! त्यांतील बहुतेक धुराड्यावाटे जातें. थोडा अंश मात्र चेंबरमध्यें उतरतो.

भाताच्या पातेल्यावरील झांकण घट्ट दाबून धरलें, तर वाफ कोठून तरी उसळी मारतेच. चेंबरचेंही तसेंच आहे. ब्रीदर तुंबला कीं आंतील दाब ऑइल सीलांवर पडतो व तेथून ऑइल गळूं लागतें. मालकास वाटतें, सीलच वाईट. तो नवें सील बसवितो, आणि आठ दिवसांत तेंही गळतें. मूळ दोष नळींत, खर्च मात्र सीलावर !

आतां थंडीचा संबंध पाहूं. आपल्या कोंकणांत थंडी बेताची. परंतु खोपोलीवरून बोरघाट चढून गाडी देशावर गेली, निफाडच्या बाजूस किंवा पुढें पंजाब-काश्मीराकडे गेली, कीं गोष्ट निराळी. थंड इंजिनांत रिंगा नीट बसत नाहींत व तेल पुरतें जळत नाहीं. म्हणून आरंभीं धूर अधिक निसटतो. हिवाळ्यांत आपल्या श्वासाची वाफ दिसते, तशी चेंबरमधील वाफ थंड पत्र्यावर थिजते, ऑइलांत मिसळते आणि झांकणाखालीं लोण्यासारखा पांढुरका थर धरते. हिमप्रदेशांत तर नळीच्या टोंकाशीं पाणी गोठून वाटच बंद होते.

यावर उपाय कोणते? पहिला, नळी वेळोवेळीं काढून धुवावी. तिला मध्येंच झोळ नसावा, कारण तेथें पाणी सांठतें. अति थंड प्रदेशांत तिचा उघडा भाग आंखूड ठेवून त्यावर उबदार वेष्टन द्यावें. दुसरा, थर्मोस्टॅट काढूं नये. उन्हाळ्यांत इंजिन तापतें म्हणून कित्येक चालक तो काढून टाकतात; मग हिवाळ्यांत इंजिन पुरतें तापत नाहीं आणि ऑइलांतील पाणी उडून जात नाहीं. तिसरा, गाडी उभी ठेवून तासभर इंजिन चालूं ठेवण्यापेक्षां, थोड्या वेळानें सावकाश चालवून तें तापवावें. चौथा, थेंब झेलण्यास डबा बांधला तर त्याचें तोंड मोकळें ठेवावें. रस्त्यावर सांडलेलें ऑइल पहिल्या पावसांत दुचाकी घसरवितें व पुढें भोगावती-कुंडलिकेस मिळतें.

एक गोष्ट मात्र कदापि करूं नये. पुष्कळ नव्या गाड्यांत हा वायु गाळून, ऑइल वेगळें करून, पुन्हां इंजिनाच्या हवेंत सोडतात. तें पाहून गाळणीवांचून जुन्या गाडीची नळी हवेच्या वाटेस जोडली, तर इंजिन ऑइलच पिऊं लागतें. मग डीझेल बंद केलें तरी तें थांबत नाहीं, उलट वेग वाढत जाऊन फुटण्याची भीति असते.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट माणसाची. गाडी धांवत असतां वारा नळींतील धूर मागें ओढून नेतो. उभी असतां तो तेथेंच घोटाळतो आणि गिअरच्या दांड्याजवळील फाटक्या रबरांतून केबिनमध्यें शिरतो. थंडीमुळें कांचा बंद, इंजिन चालूं आणि चालक निजलेला, असा योग प्राणघातक होऊं शकतो; कारण धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस रंग नाहीं व वासही नाहीं. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें २०१२ सालीं डीझेलचा धूर कर्करोगकारक ठरविला आहे. म्हणून फाटकें रबर बदलावें, तळाचीं भोंकें बुजवावीं, आणि निजावयाचें तर इंजिन बंद करून घोंगडी पांघरून निजावें.

ज्यांचे वडील, काका किंवा भाऊ गाडीवर आहेत, त्या मुलांनीं हा लेख त्यांस वाचून दाखवावा. इंजिनाचें ज्ञान आमच्यापेक्षां त्यांस अधिक असेल, परंतु दूरच्या प्रवासास निघतांना “बाबा, नळी मोकळी आहे ना? रात्रीं इंजिन बंद करून निजाल ना?” असें मुलानें विचारलें, तर तो प्रश्न ते वाटेवर विसरणार नाहींत.