ठसका विसरू नका

येवल्यात मागावर बसणाऱ्याला खोकला लागला की पहिला संशय रेशमाच्या तुसावर, दुसरा टीबीवर. आमच्या काकांचा बेडका तपासला, टीबी निघाला नाही. मग एक्स-रेत उजव्या फुप्फुसाच्या खालच्या बाजूला डाग दिसला आणि सीटी स्कॅनच्या रिपोर्टात ‘गाठीची शक्यता’ आली. कॅन्सर हा शब्द घरात कुणी काढला नाही. काकूंनी मात्र कोटमगावच्या जगदंबेला नवस बोलून टाकला.

नाशिकला दुर्बीण घालण्याआधी डॉक्टरांनी विचारलं, “काका, खाताना कधी जोराचा ठसका लागला होता का?” काका ठाम नाही म्हणाले. काकू म्हणाल्या, “असं काय करता? भाचीच्या हळदीत सुपारी चघळताना जीव घाबरा झाला होता की तुमचा!”

दुर्बिणीतून सुपारीचं खांडच निघालं, अडकित्त्याची कड अजून शाबूत. भोवती मांस वाढून गाठ झालेली. तिचा तुकडा तपासला, कॅन्सर नव्हता.

उजवी श्वासनलिका डावीपेक्षा रुंद आणि सरळ, म्हणून असला ऐवज बहुधा तिकडेच उतरतो. सुपारी, शेंगदाणा एक्स-रेत दिसत नाही. दिसते ती भोवतीची सूज. ब्रिटनमधल्या एका सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाच्या छातीतल्या ‘ट्यूमर’मधून लहानपणी गेलेला खेळण्यातला प्लास्टिकचा शंकू निघाला, 2017 साली ती केस छापून आली. चाळीस वर्षं आत! पोटातही हेच होतं. माशाचा काटा किंवा टूथपिक आतड्याला भोक पाडून बाहेर येते, भोवती सुजेचा गोळा धरतो आणि स्कॅनवर तो गाठीसारखा दिसतो.

म्हणून डॉक्टरकडे जाताना घरातलं जाणतं माणूस सोबत न्या. ठसका ज्याला लागतो तो विसरतो, पाठीवर थापट्या मारणारा विसरत नाही. पण ठसका आठवला म्हणून तपासणी टाळू नका. खरी गाठही असू शकते, आणि ते तुकडा तपासल्यावरच कळतं. घशात काटा अडकला तर वरून भाताचा गोळा किंवा केळं ढकलू नका, काटा आणखी रुततो. म्हाताऱ्या माणसांना गोळी पाकिटातून काढूनच द्या. कापलेल्या पाकिटासकट गिळली तर त्याच्या धारदार कडा अन्ननलिका फाडतात. बोरन्हाणात पोरं वेचतील ते तोंडात टाकतात, तिथे एका मोठ्याने बसावंच. आणि खेळण्यातला बटणासारखा सेल गिळला असेल तर उद्यावर ढकलू नका. दोन तासांत तो अन्ननलिका भाजू शकतो, तेव्हा रात्र असो की पहाट, थेट मोठं हॉस्पिटल गाठा.