डहाणू-तलासरीत चित्रपट महोत्सव भरेल का?

प्रश्न : आमच्याकडची मुलं मोबाईलवर लघुपट करतात. त्यांच्यासाठी डहाणू-तलासरीत चित्रपट महोत्सव भरवता येईल का? पाड्यावर थिएटर नाही, हाताशी पैसा नाही आणि आमची वारली बोली बाहेर कुणाला कळणार?
– एक वाचक, तलासरी

उत्तर : नक्की भरवता येईल. पैशांची काळजी वाटत असेल तर आधी मालेगावकडे बघा. यंत्रमागांच्या या गावात नासिर शेख व्हिडिओ पार्लर चालवायचे. परगावचे सिनेमे दाखवता दाखवता ते संकलन शिकले आणि २००० साली त्यांनी ‘मालेगाव के शोले’ केला. खर्च सुमारे ५० हजार रुपये, कॅमेरा लग्नाच्या शूटिंगचा, नट गावातलेच. क्रेन नव्हती म्हणून कॅमेरावाल्याला बैलगाडीच्या दांड्यावर बसवून वर उचललं, ट्रॉलीचं काम सायकलीनं केलं. शुक्रवारी माग बंद असतात. त्या सुट्टीला सिनेमा बघणारा कामगार हा त्यांचा हक्काचा प्रेक्षक. आपली माणसं, आपलं बोलणं पडद्यावर बघायला लोकांनी गर्दी केली. फैज़ा अहमद खान यांच्या ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ या माहितीपटानं ही मंडळी जगाला कळली, पण ते पुढे. त्यांना आधी गावानं उचलून धरलं होतं. तुमच्या महोत्सवाचाही क्रम मला असाच हवा वाटतो : पहिला खेळ पाड्यावर, पाहुणे नंतर.

थिएटरवाचून काही अडणार नाही. महाराष्ट्राच्या जत्रांमध्ये तंबू टाकून पिढ्यान्‌पिढ्या सिनेमा दाखवला गेला आहे. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) हा माहितीपट त्या फिरत्या टॉकीजवाल्यांवरच आहे. तुमच्याकडे चैत्री पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची यात्रा भरते, तिथे असा तंबू टाकता येईल. प्रोजेक्टर, पांढरा कपडा आणि बरे स्पीकर एवढं जमलं की शाळेच्या पटांगणातही खेळ होतो. स्पीकरवर मात्र कंजुषी करू नका. चित्र थोडं फिकट दिसलं तर लोक चालवून घेतात, शब्द ऐकू आले नाहीत तर उठून जातात.

एक गोष्ट आधी उरकून घ्या. सेन्सॉरचं प्रमाणपत्र नसलेले चित्रपट जाहीरपणे दाखवायचे तर माहिती व प्रसारण मंत्रालयाकडून महोत्सवासाठी सूट घ्यावी लागते. चित्रपटांची यादी आणि कथासार जोडून वेळेत अर्ज करा. पार्श्वसंगीताला हिंदी गाणी उचलून लावू नका. तुमच्याकडे तारपा आहे, धवलेरींची लग्नगीतं आहेत. तीही वाजवणाऱ्या-गाणाऱ्यांना विचारूनच घ्या आणि श्रेयनामावलीत त्यांची नावं द्या.

आता बोलीबद्दल. तलासरी तालुक्यात दहातली नऊ माणसं आदिवासी आहेत, म्हणजे या बोलीचा पहिला प्रेक्षक दाराशीच आहे. बाहेरच्यांसाठी खाली मराठी उपशीर्षकं द्या, तेवढं पुरे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रं परदेशी पोचली, ती वारली जगणं जसंच्या तसं घेऊन. बिजू टोप्पो आणि मेघनाथ यांनी झारखंडमध्ये ‘अखडा’ संस्थेतून आदिवासींचे माहितीपट केले आणि राष्ट्रीय पुरस्कारापर्यंत नेले. टोप्पो स्वतः उरांव समाजातले. वारली समाजावर बाहेरच्यांनी चित्रपट केले आहेत. त्यांतला अंजली मोन्तेरो आणि के. पी. जयशंकर यांचा ‘कहानकार : अहंकार’ (१९९५) तुमच्या मुलांनी जरूर बघावा. वारल्यांच्या स्वतःच्या गोष्टी आणि परक्यांनी त्यांच्याबद्दल लिहून ठेवलेलं, हे दोन्ही त्यात समोरासमोर येतं. पाड्यावरच्या मुलानं हाच विषय घेतला तर तो कुठून सुरू करेल, हे बघायची मला फार उत्सुकता आहे.

विषय शोधायला लांब जायला नको. १९४५ साली झरी गावात वारल्यांची परिषद भरली. वेठबिगार आणि लग्नाच्या कर्जापायी राबवून घेणारी लग्नगडीची पद्धत मोडायला किसान सभेच्या शामराव आणि गोदावरी परुळेकरांबरोबर हजारो वारली उभे राहिले. गोदावरीबाईंनी ते ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये लिहिलं. त्या लढ्यातल्यांच्या मुला-सुनांकडे घरात ऐकलेल्या आठवणी आहेत आणि ती माणसं आता थकली आहेत. महोत्सवाची तारीख ठरेल तेव्हा ठरेल. मोबाईल घेऊन त्यांच्याकडे या महिन्यातच जा, आणि त्यांना त्यांच्याच बोलीत बोलू द्या.