टोमॅटोला सवय लावायची ती ऊन-वाऱ्याची

मे उजाडला की कॅनडाच्या प्रेअरी प्रांतांत, म्हणजे अल्बर्टा, सस्कॅचेवान आणि मॅनिटोबात, घराघरांतल्या खिडक्यांशी टोमॅटोची रोपे दाटीवाटीने उभी दिसतात. मार्चअखेर किंवा एप्रिलच्या सुरुवातीला टाकलेले बी सहा-आठ आठवड्यांत लावणीजोगे होते. बाहेर ऊन इतके लख्ख पडलेले असते की ट्रे उचलून थेट परसात नेण्याचा मोह होतोच. कॅल्गरी, एडमंटन, विनिपेगला स्थायिक झालेल्या आणि हौसेने भाजी पिकवणाऱ्या मराठी घरांतही हेच घडते. आठ आठवडे जपलेली रोपे हातची जातात ती बहुधा याच घाईत.

घरात वाढलेले रोप टवटवीत दिसते, पण त्याचे पान कोवळे असते. भर दुपारच्या मोकळ्या उन्हात सुमारे एक लाख लक्स प्रकाश असतो. खिडकीशी किंवा ग्रो-लाइटखाली त्याचा लहानसा हिस्साच मिळतो. शिवाय खिडकीची काच सूर्यप्रकाशातले दाहक यूव्ही-बी किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. पानावरचा मेणचट थर त्यामुळे पातळ राहतो. कोरड्या वाऱ्यात पर्णरंध्रे वेळेवर मिटत नाहीत आणि खोडाला वाऱ्याशी झुंजण्याची वेळच आलेली नसते. असे रोप एकदम उन्हात नेले की एक-दोन दिवसांत पानांवर कागदासारखे पांढरे चट्टे उमटतात. ते पाहून बुरशीनाशक फवारण्याची काही गरज नाही. तो रोग नव्हे, उन्हाचा चटका आहे. भाजलेला भाग पुन्हा हिरवा होत नाही. मात्र शेंडा शाबूत असेल तर रोप फेकू नये, नवी पाने चांगली येतात.

रोपे कणखर करणे म्हणजे त्यांना थंडी सोसायला लावणे, असे पुष्कळांना वाटते. कोबी किंवा ब्रोकोलीच्या बाबतीत ते बऱ्याच अंशी खरे आहे. हळूहळू गारव्यात आणलेली कोबीची रोपे शून्याखालची एखादी रात्रही काढतात. टोमॅटोचे तसे नाही. पारा शून्याखाली घसरला की पेशींतले पाणी गोठते आणि कितीही तयार केलेले रोप सकाळी काळवंडून आडवे झालेले दिसते. दहा अंशांखालच्या रात्री रोप मरत नाही, पण वाढ खुंटते. थंड मातीत मुळांना स्फुरद नीट उचलता येत नाही आणि पानांची खालची बाजू जांभळी पडते. त्या गारठ्यात घडलेल्या कळ्यांपासून पुढे वेडीवाकडी, बुडाशी चिरलेली फळे निघतात. म्हणून दिवसा ऊन-वारा द्यावा आणि रात्री रोप सांभाळावे. प्रेअरीतल्या टोमॅटोसाठी हे दोन्ही सारखेच महत्त्वाचे आहे.

जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरातही रोपवाटिकेतली पंचवीस-तीस दिवसांची रोपे शेतात जाण्यापूर्वी काही दिवस कणखर केली जातात. पाणी कमी करायचे, शेडनेटची सावली हटवायची, की मुख्य काम झाले. तिथून आलेल्यांना पद्धत ओळखीची वाटते, पण कॅल्गरीत रात्रीचा हिशेब त्यात वाढतो. हे शहर समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंचावर आहे. जूनमध्येही तिथल्या अनेक रात्री दहा अंशांखाली जातात.

मुहूर्त कोणता धरावा? प्रेअरीच्या बऱ्याच भागात शेवटच्या कडक थंडीची सरासरी तारीख मेच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात येते. २५ मेपूर्वीच्या सोमवारी व्हिक्टोरिया डे असतो आणि त्या सुट्टीत बागकामाला लागण्याची प्रथा देशभर आहे. टोरंटोकडे तोपर्यंत लावणीला हरकत नसते. कॅल्गरीत मात्र तो दिवस लावणीचा न मानता रोपे बाहेर काढायला सुरुवात करण्याचा मानलेला बरा. पुढे दहा ते चौदा दिवस हाताशी ठेवावेत.

पहिल्या दिवसासाठी ढगाळ हवा उत्तम. घराच्या आडोशाला, पूर्ण सावलीत, तास-दोन तास ट्रे ठेवावा आणि आत आणावा. रोज तास-दीड तास वाढवत न्यावा. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून सकाळचे कोवळे ऊन द्यावे. दुपारचे ऊन दुसऱ्या आठवड्यासाठी राखून ठेवावे. मेअखेर तिथे दिवस सोळा तासांचा असतो, त्यामुळे "थोडा वेळ" म्हणून बाहेर ठेवलेला ट्रे ऑफिसमधून परत येईपर्यंत दहा तास तापलेला असतो. दिवसभर घरी कोणी नसेल तर उत्तरेच्या भिंतीलगत, सावलीतच ट्रे ठेवावा. पानांनी दिवसा मान टाकली किंवा ती फिकट दिसू लागली, तर दुसऱ्या दिवशी वेळ वाढवू नये.

प्रेअरीचा वारा उन्हाइतकाच जाचक असतो. ट्रेच्या लहान कप्प्यांतली माती वाऱ्यात काही तासांत कोरडी पडते. पाणी कमी करायचे म्हणजे वरची माती सुकू द्यायची, मुळे नव्हेत. या काळात नत्रयुक्त खत बंद ठेवावे, नाहीतर वाढ पुन्हा लुसलुशीत होते. खोडासाठी मात्र थोडा वारा हवाच. सतत हालचाल झालेली झाडे बुटकी आणि जाड खोडाची होतात, हे अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ मार्क जाफी यांनी १९७३ साली प्रयोगांतून मांडले होते. ज्यांची रोपे अजून घरातच आहेत त्यांनी दिवसातून दोनदा शेंड्यांवरून हलकेच हात फिरवावा किंवा छोटा पंखा लावावा. काटकुळ्या रोपांना याचा फार उपयोग होतो.

रात्री तापमान सलग दहा-बारा अंशांवर राहू लागेपर्यंत ट्रे गॅरेजमध्ये किंवा घरात न्यावा. हवामान खात्याच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबू नये. तो आकडा साधारण छातीच्या उंचीवरच्या हवेचा असतो. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमिनीलगतची पाने त्याहून दोन-तीन अंश थंड होतात. तीन अंशांचा अंदाज असला तरी सखल परसात पांढरे दहिवर पडू शकते. लावणीनंतर अशी रात्र आली तर जमिनीत धरलेली दिवसाची ऊब निसटण्याआधी, सूर्यास्तापूर्वीच झाकण घालावे. महाराष्ट्रात टरबुजावर घालतात तसे न विणलेले क्रॉप कव्हर जाडीनुसार दोन-चार अंशांचे संरक्षण देते. ते जमिनीपर्यंत टेकवावे. नुसते प्लास्टिक पानांना चिकटू देऊ नये, स्पर्श झालेली पाने आधी गोठतात.

रोपे थंडीत फार दिवस रखडवणेही वाईट. सुकवून, गारठवून निबर केलेले रोप लावणीनंतर कितीतरी दिवस हलत नाही. उशीर होणारच असेल तर मोठ्या कुंडीत बदलावे आणि आलेली फुले खुडावीत. अल्बर्टातल्या बीव्हरलॉज संशोधन केंद्रात तयार झालेल्या सब-आर्क्टिक मालिकेसारखे लवकर येणारे वाण निवडले, तर आठवडाभर थांबण्याची भीती उरत नाही.

लावणीपूर्वी मातीचे तापमान सकाळी मोजावे. ते १५ अंशांवर असावे. नसेल तर वाफ्यावर आठवडाभर काळे प्लास्टिक अंथरावे. लावणी संध्याकाळी करावी. खालची पाने काढून खोड खोल पुरावे, पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. रात्री खोड कुरतडणाऱ्या अळीसाठी प्रत्येक रोपाभोवती पुठ्ठ्याचे कडे थोडे मातीत खोचावे. आणि सगळी रोपे एकाच दिवशी जमिनीत घालू नयेत: दोन-तीन कुंडीतच राहू द्यावीत आणि जूनचा दुसरा आठवडा उलटेपर्यंत रात्री आत घ्यावीत. जूनच्या सुरुवातीलाही तिथे एखादी रात्र शून्याखाली जाते, आणि त्या सुमारास चांगली रोपे बाजारात शोधूनही मिळत नाहीत.