शब्दशिडी : मार्गशोधनाचा एक पाठ

शब्दशिडी हा खेळ इंग्लंडमधील गणिताध्यापक व लेखक लुईस कॅरोल यांनी १८७७ साली योजिला. एका वेळी एकच अक्षर पालटावयाचे, आणि प्रत्येक पायरीवर अर्थपूर्ण शब्दच आला पाहिजे, एवढाच त्याचा नियम. इयत्ता तिसरी-चौथीच्या वर्गात तो मराठीतही उत्तम चालतो.

फळ्यावर सहा शब्द लिहावेत : मगर, नगर, अगर, मगज, नजर, गजर. ज्या दोन शब्दांत एकाच अक्षराचा भेद असेल, ते रेषेने जोडावेत. शब्दांचे जाळे तयार होईल. आता ‘मगर’पासून ‘गजर’पर्यंत सर्वांत जवळची वाट कोणती?

पहिली रीत अशी. ‘मगर’च्या शेजारचे सर्व शब्द प्रथम पाहावेत : नगर, अगर, मगज. नंतर त्यांचे शेजारी, मग त्यांचेही. अशाने मगर, नगर, नजर, गजर ही तीन पायऱ्यांची वाट निश्चित सापडते. परंतु जाळे मोठे असल्यास श्रम फार पडतात.

दुसरी रीत हार्ट, निल्सन व राफेल यांनी १९६८ साली मांडली. चाललेल्या पायऱ्यांत उरलेल्या अंतराचा अंदाज मिळवावा व ज्याची बेरीज लहान, तो शब्द आधी पाहावा. येथे न जुळणारी अक्षरे मोजणे हाच अंदाज. ‘नगर’ची बेरीज तीन, ‘मगज’ची चार, म्हणून ‘मगज’च्या वाटेस जावेच लागत नाही. हा अंदाज खऱ्या अंतराहून कधीही अधिक नसतो, म्हणूनच वाट लघुतम असल्याची खात्री राहते.

अलीकडे हा अंदाज यंत्रास शिकविता येतो. पहिल्या रीतीने काढलेली अनेक जोड्यांची खरी अंतरे यंत्रास देतात; प्रत्येक चुकीनुसार ते आपल्या आकड्यांत दुरुस्ती करीत जाते. तथापि असा शिकलेला अंदाज कधी प्रमाणाबाहेर जातो. मग मिळालेली वाट नियमास धरून असली, तरी लघुतम असेलच असे नाही.

यातून शिक्षकांनी एक विवेक घ्यावा. एखाद्या मुलाने ‘अगर’वरून चार पायऱ्यांची वाट काढली, तर त्यावर चुकीची खूण करू नये. ती वाट बरोबर आहे, केवळ लांब आहे. ‘याहून जवळची आहे काय?’ एवढेच विचारावे. आणि चटकन उत्तर देणाऱ्या मुलासही प्रत्येक पायरी फळ्यावर दाखवावयास लावावे.