सीझन तिकीटवाल्याची खुर्ची रिकामी आहे, विकायची का?



मागच्या व्हिडिओत आपण महिन्याच्या पासबद्दल बोललो. त्यानंतर अभ्यासिका चालवणाऱ्यांचा एकच प्रश्न परत परत येतो आहे. "भाऊ, पासवाला दुपारी येत नाही, त्याची खुर्ची रिकामी पडून राहते, आणि दारात नवीन मुलगा उभा असतो. बसवू का त्याला?" गोंदियात काय, आमगाव-तिरोड्यात काय, पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं वाढली तशी ही अडचण वाढली आहे. जिम, खानावळ, ट्यूशनवाले, तुम्हीही वाचा. प्रश्न तोच आहे.

याचं सगळ्यात चांगलं उत्तर मला फुटबॉलच्या स्टेडियममध्ये सापडलं.

फुटबॉलचं सीझन तिकीट म्हणजे काय, तर क्लबच्या घरच्या मैदानावरच्या मोसमभराच्या लीग सामन्यांचे पैसे एकदम आधी भरायचे, आणि बदल्यात एक ठरलेली खुर्ची घ्यायची. स्टँड ठरलेला, रांग ठरलेली, नंबर ठरलेला. आपल्याकडे 2014 मध्ये इंडियन सुपर लीग सुरू झाली, तेव्हापासून हा शब्द कानावर यायला लागला. युरोपात मात्र बापाच्या शेजारी बसून सामने बघणारा मुलगा मोठा होऊन त्याच खुर्चीच्या शेजारी स्वतःच्या पोराला बसवतो. पुढच्या बाकावरचा म्हातारा कोण, मागचा ओरडणारा कोण, सगळे ओळखीचे. म्हणजे माणूस नुसता सामना विकत घेत नाही, शेजारसुद्धा घेतो. बीबीएला आम्हाला 'कस्टमर रिटेन्शन'वर एक अख्खा धडा होता, त्यात हा शेजार कुठेच नव्हता!

म्हणून मोठे क्लब नवीन मोसमाची विक्री करताना साधारण एक क्रम पाळतात. आधी जुन्या माणसाला विचारतात, तुझीच खुर्ची ठेवायची का? मुदत देतात. मग ज्यांना जागा बदलायची आहे, मित्राजवळ किंवा जिन्याजवळ बसायचं आहे, त्यांना मोकळ्या झालेल्या खुर्च्यांतून निवडू देतात. त्यानंतर उरलेल्या खुर्च्या प्रतीक्षा यादीवाल्यांना. आपल्या अभ्यासिकेत काय होतं? एक तारखेला जो आधी पैसे आणतो तो खिडकीजवळची खुर्ची नेतो, आणि दोन वर्षं तिथे बसणारा पोरगा दाराजवळ येतो. तो भांडत नाही. पुढच्या महिन्यात दिसत नाही, बस.

आता रिकाम्या खुर्चीचं बघू. बार्सिलोना क्लबने यासाठी एक योजना चालवली, तिचं कॅटलान नाव 'सेयेंट लिउरे', म्हणजे मोकळी खुर्ची. सीझन तिकीटवाल्याला एखाद्या सामन्याला यायचं नसेल तर तो आधी क्लबला कळवतो. क्लब त्या दिवसापुरती ती खुर्ची दुसऱ्याला विकतो, आणि आलेल्या पैशातला हिस्सा मूळ मालकाला देतो. लक्षात घ्या, खुर्ची क्लबने ओढून घेतलेली नाही. मालकाने सोडली आहे, आणि सोडल्याचा त्याला फायदा आहे.

याच क्लबने 2023 मध्ये कॅम्प नोउ हे आपलं मैदान बांधकामासाठी बंद केलं आणि संघ माँजुइकच्या ऑलिम्पिक स्टेडियममध्ये नेला. तिथे जागा जवळपास निम्मी, आणि डोंगरावर चढून जायचं. अनेक जुने सभासद म्हणाले, आम्ही नाही येत. क्लबने त्यांना सुट्टी घ्यायची सोय दिली. पैसे भरू नका, पण तुमचा हक्क शाबूत राहील. आपल्याकडे परीक्षा संपली की पोरगा दोन महिने गावी धानाच्या कामाला जातो. त्याची खुर्ची थोड्याशा पैशात राखून ठेवायला काय हरकत आहे?

आणि जागांच्या वाटणीवरून बिनसलं तर किती बिनसतं, ते आपल्याच राज्यात बघा. खेळ क्रिकेटचा, पण गोष्ट खुर्च्यांचीच. मुंबईचं ब्रेबॉर्न स्टेडियम क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचं. सामने भरवायची मुंबई क्रिकेट असोसिएशन, तेव्हाचं नाव बॉम्बे. कोणाला किती तिकिटं, यावरून दोघांचं वर्षानुवर्षं जुळेना. शेवटी असोसिएशनचे शेषराव वानखेडे, आपल्या नागपूरकडचे, त्या वेळचे विधानसभेचे अध्यक्ष, यांनी पुढाकार घेतला आणि ब्रेबॉर्नपासून चालत जाण्याच्या अंतरावर नवीन स्टेडियम उभं राहिलं. जानेवारी 1975 मध्ये वेस्ट इंडीजविरुद्धची कसोटी तिथे झाली. आणि ब्रेबॉर्नवर पुढची कसोटी कधी? डिसेंबर 2009 मध्ये. आधीची 1973 ची. मधली छत्तीस वर्षं! मैदान छान होतं, गवत छान होतं, पण कसोटी दुसरीकडे गेली.

चला, आता हिशोब. समजा तुमच्याकडे 40 पासवाले आहेत, महिन्याला 800 रुपये. म्हणजे 32,000. दुपारी त्यातल्या 8 खुर्च्या रिकाम्या असतात. तुम्ही त्या 30 रुपयांनी तासिकेवर दिल्या, तर दिवसाचे 240, महिन्याचे 26 दिवस धरले तर 6,240 रुपये. अर्धे मूळ पासवाल्यांना त्यांच्या पुढच्या फीमधून वजा करून दिले तर तुमच्या हातात 3,120.

कोणी म्हणेल, अर्धे कशाला द्यायचे, त्याला कुठे कळतं? कळतं हो. बाटली सरकलेली असते, पुस्तकाची खूण हललेली असते. न विचारता सगळे 6,240 ठेवले आणि चार पोरं गेली, तर महिन्याचे 3,200 गेले. आठ गेली तर 6,400, म्हणजे खिशातून. आणि ही पोरं एकेकटी जात नाहीत, ग्रुपने जातात.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पास घेतानाच लिहून द्या, खुर्ची तुझी, पण सकाळी नऊच्या आत मेसेज केलास तर तेवढ्या वेळापुरती आम्ही दुसऱ्याला देऊ आणि पंधरा रुपये तुझे. मेसेज नाही तर खुर्ची रिकामी राहील, कोणी कितीही विनवणी केली तरी. आणि 40 च्या 40 खुर्च्या पासवर विकूच नका, पाच-सहा सुट्ट्या ठेवा, दारात उभा असलेल्या पोरासाठी. खानावळीला नंबराची खुर्ची लागत नाही, तिथे न जेवलेल्या ताटाचं बघावं लागेल, त्याचा हिशोब वेगळा आहे.

हा आठवडा एवढंच करा. एका वहीत रोज सकाळी 11, दुपारी 3 आणि रात्री 8 वाजता किती पासवाल्यांच्या खुर्च्या रिकाम्या आहेत ते लिहा. सात दिवसांचे आकडे हातात असल्याशिवाय तासिकेचा दर ठरवू नका. दर कसा काढायचा, ते पुढच्या व्हिडिओत.